ओल्या रंगावरची चादर

आंटी विल्माला आडगावांतले आजारी नेणाऱ्या डॉक्टरांच्या विमानातून नेलं, तेव्हापासून ग्लेनिसचं डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि नेमकं आजच ते ठिकाणावर असायला हवं होतं, कारण संध्याकाळी प्रदर्शन उघडायचं होतं.

टॅरिंडा गावात लोक धुतलेले कपडे घालून येतात ते दोनच ठिकाणी, घोड्यांच्या शर्यतीला आणि कलामंडळाच्या प्रदर्शनाला. एरवी मंडळ म्हणजे दर गुरुवारी सभागृहाच्या मागच्या खोलीत जमणारी मूठभर डोकी. कुणी मेंढ्या रंगवतं, कुणी मोडकी पवनचक्की. नोरीन तर वर्षानुवर्षं एकच निळी फुलदाणी रंगवतेय आणि दर वर्षी ती आधीपेक्षा जास्त वाकडी होते. ग्लेनिस मंडळाची अध्यक्ष. म्हणजे खिळे ठोकायचे, खुर्च्या मांडायच्या, रुसलेल्यांच्या मिनतवाऱ्या करायच्या आणि शेवटी सगळ्यांची बोलणी खायची.

यंदा समोरची मुख्य भिंत मात्र तिच्या स्वतःच्या चित्राची होती. सगळं गाव जिला आंटी म्हणतं त्या विल्माचा चेहरा, तेलरंगात, माणसाच्या छातीइतका मोठा. किती वर्षं मागे लागल्यावर म्हातारी बसायला तयार झाली होती, आणि बसल्यावरही गप्प नव्हती. "माझ्या सुरकुत्या मोजतेयस की काय? बूड दुखलं माझं. आटप!" असं करत करत चित्र झालं, आणि ग्लेनिसच्या हातून आजवर झालं नव्हतं असं झालं. जाहिरातीच्या कागदावरही तेच छापलं होतं. मग म्हातारीच्या छातीत कळ आली आणि विमान आलं. सोबतीला मुलगा गेला. मुलगी कॅरलीन घरीच राहिली, फोनपाशी. आज सकाळी तिकडे किनाऱ्यावरच्या मोठ्या इस्पितळात हृदयाची बंद झालेली नळी मोकळी करणार होते. दुपार झाली तरी निरोप नव्हता.

ग्लेनिसला धास्ती होती ती आंटी विल्माची. पण खरं सांगायचं तर तेवढीच नव्हती. म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर चित्र उतरवावं लागणार, हेही तिच्या मनात येऊन गेलं होतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही विचार जात नव्हता.

विल्मा इथल्या मूळ रहिवाशांपैकी. तिच्या घराण्यात माणूस गेलं की त्याचं नाव घेत नाहीत आणि चेहरा दाखवत नाहीत. फोटो असो, चित्र असो, घरचे उघडा म्हणेपर्यंत झाकून ठेवायचं. हे गावातल्या गोऱ्यांना फार उशिरा कळलं. एका प्रदर्शनात त्यांच्यातल्या एका वारलेल्या म्हाताऱ्याचा फोटो तसाच लटकत राहिला होता, आणि त्याच्या घरची माणसं दारातून माघारी फिरली होती. विल्मा एकटी आत आली आणि सगळ्यांदेखत ग्लेनिसला म्हणाली, "इतकी वर्षं आमच्यात राहतेस. डोळे झाकून घेता येतात तुला, एक फोटो झाकता येत नाही?" ग्लेनिसला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. त्यानंतर तिनेच घरोघर हिंडून ही गोष्ट लोकांच्या कानीकपाळी ओरडून सांगितली. आता गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं की झाकलेला चेहरा म्हणजे काय.

सकाळी हात रिकामे राहिले म्हणून तिने चित्राचा गाल पुन्हा रंगवायला घेतला. भिंतीवर टांगलेलं चित्र! चार दिवस शिकलेलं माणूसही हे करणार नाही. पण धास्तावलेल्या माणसाला हाताला चाळा लागतो. गाल छान झाला, फक्त लोण्यासारखा ओला राहिला.

आणि तेवढ्यात बाहेरून ट्रेव्हर ओरडला. ट्रेव्हर पेट्रोलपंपवाला. मंडळात तो फक्त आपल्या कुत्र्याची चित्रं काढतो.

"ग्लेनिस, दारं लाव! पश्चिमेकडे बघ, येतंय!"

धुळीची तांबडी भिंत गावाच्या टोकापर्यंत आली होती. दारं लागली, पण त्या सभागृहाच्या खिडक्यांची तावदानं कुणाच्या बापजन्मी नीट मिटली नव्हती. बाकीच्या चित्रांचे रंग पाण्याचे, सुकलेले, नंतर फडका मारला की झालं. ओलं होतं ते हे एकच. ग्लेनिसने खाण्याच्या टेबलावरची पांढरी चादर ओढली, रंगाला लागणार नाही अशी खिळ्यांवर ताणली आणि चित्र वरपासून खालपर्यंत झाकून टाकलं. तिच्या डोक्यात धूळ होती. धुळीशिवाय दुसरं काहीही नव्हतं.

वादळ आलं तसं गेलं. जाताना वीज घेऊन गेलं आणि टेकडीवरचा फोनचा मनोराही मुका करून गेलं. ग्लेनिसने फोन वर धरला, फिरवला, पायरीवर चढून पाहिला. काही नाही. आता तिकडे काय झालं ते कळायची वाटच बंद झाली. पण पाहुणे येणार, दिवे हवेत, म्हणून ती सभागृहाच्या मागे जाऊन जनरेटरशी झटापट करत बसली. ते धूड सुरू व्हायला पुष्कळ वेळ लागला. कोपरापर्यंत काळी होऊन ती पुढे आली, तेव्हा सभागृहात बरीच माणसं जमली होती.

गंमत म्हणजे कुणी हसत-बोलत नव्हतं. माणसं भिंतीकडेने उभी होती. टोप्या हातात.

मेंढ्या रंगवणारा म्हातारा जवळ आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वाईट झालं, ग्लेनिस."

"हो ना," ग्लेनिस म्हणाली. "पण सुरू झाला एकदाचा. आता दिवे येतील."

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. "तू फार खंबीर आहेस," तो म्हणाला.

"खंबीर कसली! लाथ घातली तेव्हा चालू झाला मेला."

तो दोन पावलं मागे सरकला. ग्लेनिसला काही उमजेना. तिने दारातून बाहेर पाहिलं, तर सभागृहासमोरचा झेंडा अर्ध्यावर आलेला. वाऱ्याने दोरी सुटली असेल, असं म्हणून ती निघाली, तोच नोरीन धापा टाकत पायऱ्या चढून वर आली. डोळे सुजलेले.

"कॅरलीनच्या घरीच होते," नोरीन म्हणाली. "अख्खं गोत जमलंय. तिच्याकडे बघवत नाही गं. आणि तू इथे काय करतेस? तू आधी जायला हवं होतंस."

"कुठे? नोरीन, काय झालंय?"

"काय झालंय म्हणून मला विचारतेस? झाकलंस तर तूच!"

ग्लेनिसने मागे वळून पाहिलं. सगळ्या भिंतींवर चित्रं उघडी, आणि मधोमध ती एकच पांढरी चादर.

"अगं, धुळीसाठी," ती म्हणाली. "रंग ओला होता गं. धुळीसाठी झाकलं मी."

नोरीनच्या हातातली केकची परात कलली आणि चॉकलेट-खोबऱ्याचे तुकडे जमिनीवर गडगडले. ते उचलायला कुणी वाकलं नाही.

मग एकेकाच्या तोंडून कळलं. वादळ गेल्यावर ट्रेव्हर आत डोकावला. त्याने चादर पाहिली. ग्लेनिसला निरोप आला असणार, असं तो धरून चालला. धरणारच! टोपी काढून क्षणभर उभा राहिला, झेंडा खाली घेतला, आणि कुणीतरी सांगायलाच हवं म्हणून गाडी काढून कॅरलीनच्या घरी गेला. नावही घेतलं नाही त्याने. जे जे शिकवलं होतं ते ते सगळं अगदी शहाण्यासारखं केलं.

ग्लेनिस धावत सुटली. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, त्या तांबड्या धुळीतून. घर जवळ आलं तसं रडणं ऐकू यायला लागलं. बायकांचा तो उंच, लांब सूर तिने पूर्वी ऐकला होता, पण आजवर तो तिच्यामुळे उठला नव्हता. अंगणात माणसंच माणसं. कॅरलीन जमिनीवर बसलेली, केसांत माती, दोन मावश्यांनी धरून ठेवलेली.

ग्लेनिस तिच्यासमोर गुडघ्यांवर पडली. "कॅरलीन, ऐक. चादर मी घातली. धूळ बसू नये म्हणून घातली. मला कसलाही निरोप आलेला नाही. कुणालाच आलेला नाही."

रडणं एका बाजूने थांबत गेलं. मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, ते अजून रडत होते. कॅरलीनने तोंडावरचे केस मागे सारले.

"म्हणजे आई आहे?"

हो म्हणून टाकावं असं ग्लेनिसच्या अगदी ओठावर आलं होतं. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला एवढंच ठाऊक आहे की मला काहीच ठाऊक नाही."

"अक्कल कुठे गेली होती तुझी?" एक मावशी कडाडली. "आणि गावाला शिकवत हिंडतेस!"

ग्लेनिस मान खाली घालून बसली. कॅरलीनने मावश्यांचे हात सोडवले, उठली आणि सभागृहाच्या दिशेने चालू लागली. पाठोपाठ सगळं अंगण निघालं.

सभागृहात शिरून तिने सरळ जाऊन चादर ओढून काढली. आंटी विल्मा समोर बघत होती, कुणाला तरी आता झापणार अशा चेहऱ्याने. कॅरलीनने एक खुर्ची ओढली आणि चित्राखाली बसली.

"तू दारात उभी राहा," ती ग्लेनिसला म्हणाली. "येईल त्या प्रत्येकाला सांग, काय केलंस ते."

ग्लेनिस दारात उभी राहिली. गाड्या येत होत्या, लांबलांबच्या मेंढपाळांच्या वस्त्यांवरून. काहींच्या हातात शिजवलेल्या अन्नाची भांडी होती, कारण बातमी त्यांच्यापर्यंतही पोचली होती. ट्रेव्हरने पंपावर थांबलेल्या ट्रकवाल्यालाही सांगितलं होतं, आणि ट्रकवाल्यांचे रेडिओ वादळाने बंद पडत नाहीत. प्रत्येकाला ग्लेनिस तेच सांगत होती, "रंग ओला होता. चूक माझी. निरोप आलेला नाही." कुणी "असू दे" म्हणालं, कुणी मान वळवून आत गेलं. ट्रेव्हर तर तिच्या शेजारीच येऊन उभा राहिला. तो रडवेला झाला होता. "बोललो मी, विचारायला हवं होतं मी," एवढंच परत परत म्हणत होता.

आत कॅरलीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "आई आहे. बघा." आवाज खणखणीत. पण हात मांडीखाली घट्ट दाबून धरलेले. ग्लेनिसला ते दिसत होतं. देवाशी तिचं फारसं येणं-जाणं नव्हतं, तरी ती मनातल्या मनात सौदा करत होती. चित्र घे, भिंत घे, माझा हात घे हवा तर, पण ही पोर खोटी पडू देऊ नकोस. चित्राच्या ओल्या गालावर आता तांबूस धूळ बसत होती. तिने ते पाहिलं आणि तिला काहीसुद्धा वाटलं नाही.

मग मनोऱ्याला वाचा फुटली. सगळ्यांच्या खिशात, पर्समध्ये फोन एकदम किणकिणायला लागले. कुणीही आपल्या फोनला हात लावला नाही. कॅरलीनचा फोन तिच्या मांडीवर वाजत होता. भावाचं नाव होतं. ती त्याच्याकडे नुसती बघत होती.

"माझ्याने होणार नाही," ती म्हणाली. आणि मग, "ग्लेनिस, इकडे ये. तू झाकलंस ना? तूच उचल."

दारापासून खुर्चीपर्यंत जाताना माणसांनी वाट करून दिली. ग्लेनिसने काळ्या, तेलकट बोटांनी फोन कानाला लावला. पलीकडे खरखर, भांड्यांचा आवाज, कुणीतरी खोकत होतं.

"कोण आहे?" आवाज बारीक होता, पण आतली धार तीच.

"मी. ग्लेनिस."

"ग्लेनिस, मी मेले म्हणे."

ग्लेनिसने फोन दोन्ही हातांनी धरला.

"ट्रकवाल्यांनी इथवर बातमी आणली. ती नर्स बिचारी धावत आली, माझी नाडी बघायला. मी म्हटलं, बघ बाई, सापडली तर सांग. काय केलंस गं तू?"

"चुकलं माझं. रंग ओला..."

"ते नंतर. तुझी हजेरी मी तिथे येऊन घेईन. आधी मला हे सांग, माझ्यासाठी रडलीस का तू?"

सगळं सभागृह तिच्या तोंडाकडे बघत होतं. खोटं बोलायची सोय नव्हती, आणि या बाईशी ते कधी जमलंही नसतं.

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "वेळच मिळाला नाही."

"वाटलंच मला." पलीकडून श्वास ऐकू आला, घोगरा आणि जिवंत. "मग रड आता. आहे मी अजून. ऐकते."

ग्लेनिसने काही बोलायला तोंड उघडलं आणि बोलण्याऐवजी आतून जे आलं ते तिला आवरेना. लहान मुलासारखी, नाक-डोळे गळत, सगळ्या गावासमोर ती भोकाड पसरून रडायला लागली. कॅरलीनचा चेहरा खर्रकन उतरला. ती खुर्चीतून उठली, धडपडली, "काय झालं? सांग ना गं, काय झालं?" म्हणून किंचाळली. ग्लेनिसला सांगता येईना. तिने रडत रडतच फोन कॅरलीनच्या कानाला लावला आणि घट्ट धरून ठेवला.