तीन खोळींची पिशवी

मी रबराची, गरम पाण्याची एक जुनी पिशवी आहे आणि मित्रांनो, मी पार वैतागले आहे. कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, आपण दुखणी पळवून लावणार. कसलं काय! तीस वर्षं मी एकाच घरातलं एकच दुखणं शेकते आहे आणि त्याबद्दल कुणी ब्र काढत नाही.

आधी मी दोघी बहिणींतल्या थोरलीकडे होते. तिने मला लोकरीची खोळ विणली. दर महिन्याला ती मला पोटाशी धरून, ओठ चावत पडून राहायची. कुणी विचारलं की म्हणायची, "पोट बिघडलंय जरा." पुढे ऑपरेशन करून तिचं गर्भाशय काढलं आणि मी धाकटीकडे आले. धाकटी शिवणकाम करायची. तिने जुन्या खोळीवरच फुलाफुलांची दुसरी शिवली. मला पोटाशी बांधून ती मशीनवर बसायची आणि गिऱ्हाइकांचे कपडे वेळेवर द्यायची. सगळे तिच्या सोशिकपणाचं कौतुक करत. मला त्या कौतुकाची चीड यायची.

मग तिची लेक मोठी झाली आणि माझ्यावर तिसरी खोळ चढली, चौकड्यांची. लेकीचं महिन्यातून चार दिवस कॉलेज बुडायचं. शिक्षिका म्हणाल्या, नाटकं करते. आई म्हणाली, "सहन करायला शीक. आम्ही नाही का केलं?"

अगं, काय सहन केलंस ते तरी सांग तिला! पण माझं ऐकतंय कोण.

एकदा मुलगी प्रयोगशाळेतच चक्कर येऊन पडली, तेव्हा कुठे आई तिला दवाखान्यात घेऊन गेली. मी मुलीच्या मांडीवर होते.

"घरात आणखी कुणाला असा त्रास?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"छे, कुणालाच नाही," आई म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाईंनी फॉर्मवर त्या जागी रेघ ओढली. पोट तपासायला त्यांनी मला उचललं, तेव्हा फाटलेल्या चौकड्यांखाली फुलं दिसली आणि फुलांखाली लोकर.

"या तीन खोळी कुणाकुणाच्या?"

आईचा चेहरा उतरला. "हिची... माझी... आणि माझ्या ताईची. ताईचं तर गर्भाशयच काढलं."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? मी हिला गोळ्या देऊन घरी पाठवत होते!" बाईंनी रेघ खोडली. "हा एंडोमेट्रिओसिस असू शकतो. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो. आई-मावशीला असेल तर मुलीला होण्याची शक्यता वाढते. होतोच असं नाही, आणि एकट्या एका जनुकाचं हे काम नाही. अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. आता हिच्या नीट तपासण्या करू."

मुलगी आईकडे बघतच राहिली. "आई, तुलाही इतकं दुखायचं?"

"मला वाटलं, सगळ्यांचंच दुखतं गं."

मित्रांनो, माझं रबर आता चिरलंय. मला फेकून दिलंत तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्या कपाटात चादरींमागे अशी एखादी पिशवी असेल, तर ती आजवर कुणाकुणाच्या पोटावर होती ते विचारा. आईला विचारा, मावशीला विचारा, आत्याला विचारा. मला तीस वर्षांत एक शब्द बोलता आला नाही. त्यांना येतो.