उशिरा वळणारा डोंगा

"आत्या, चाक सोडा! वळवलं तुमी, आता थांबा!" मनकर्णा ओरडली.

ठमाबाई कुठली थांबते! मोटारडोंगा सरळ खडकाकडे चाललेला. "मेला आयकत नाई!" म्हणत तिनं चाक आणखी गरगरा फिरवलं. डोंगा तसाच गेला, मग एकाएकी वळला आणि वळतच राहिला. घाट समोरून सरकून पाठीमागे गेला, तळ वाळूत रुतला.

काठावरचा पोरगा, गुलाब, खिदळला. "ठमाबाई, डोंग्याले मोहाची पाजली का वो?"

"तुया बापानं उरवली तं पाजीन ना!"

नवरा वैनगंगेत गेला तेव्हापासून हा घाट तिच्या वल्ह्यावर चालला होता. लाकडी डोंगा मनात आलं की वळायचा. या नव्या मोटारडोंग्यात मात्र चाकापासून मागच्या सुकाणूपर्यंत ढिल्या तारा. हातानं सांगितलेलं डोंग्याला उशिरा कळे. तोवर हात चिडून दुसरंच सांगून बसे.

नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून हा डोंगा घेऊन आलेले वामनराव चिखल तुडवत जवळ आले. "बाई, तुमचा हात लई तेज हाये. याले तसा चालत नाई. घरातलं दुसरं कोणी चालवते का? नाईतर उद्या गडचिरोलीचा ड्रायव्हर येईल."

बाहेरचा माणूस? या घाटावर? ठमाबाईनं ओठ चावला. मनकर्णा खाली मान घालून उभी होती. भावाची लेक, आता सून. हिच्या संथपणावर तिनं उभा जन्म तोंड सोडलं होतं: भाकर थापेपर्यंत चूल विझते हिची.

"जाय, बस," ती म्हणाली. "पाहू, तुया हाताले जाग कवा येते."

रुतलेला डोंगा पाण्यात ढकलून सगळे चढले, वामनराव हातातल्या चहासकट. मनकर्णानं भर पाण्यातून डोंगा फिरवून आणला. खडक दिसताच चाक थोडं वळवलं आणि हात तसाच ठेवला. डोंगा सरळच.

"वळव वो! मारतेस का सगळ्याईले?"

"वळवलं, आत्या. येऊन राह्यला तो."

आणि डोंगा सावकाश वळला. घाटाला असा टेकला, की वामनरावांच्या हातातला चहाही हिंदकळला नाही.

दुपारी बाजाराच्या बाया टोपल्या घेऊन चढल्या. मनकर्णानं चाकाजवळची फळी पदरानं पुसली. "आत्या, इथी बसा ना."

"पुढं पाहाय. मी पाशिंजर हावो."

ठमाबाई मागे, वांग्यांच्या टोपल्यांत जाऊन बसली. खडक जवळ आला. टोपलीच्या काठावरची तिची मूठ आवळली, डावीकडे वळली.

जरा वेळानं डोंगाही वळला.