बाहेरच्या खोलीतला फ्रीज

उत्रोलीच्या चिमाजी तात्यांचा फ्रीज बाहेरच्या खोलीत होता. स्वयंपाकघरात जागा नव्हती म्हणून नव्हे, आल्यागेल्याच्या डोळ्यांत भरावा म्हणून! त्याच्या डोक्यावर लोकरीचं विणलेलं झाकण आणि त्यावर प्लास्टिकची फुलं. पाहुणा खुर्चीत टेकला रे टेकला की तात्या फ्रीज उघडून थंड पाण्याची बाटली काढत, मग त्या बिचाऱ्याला तहान असो वा नसो. अशी घरं तुम्हा-आम्हाला नवीन नाहीत. कदाचित आपलंही त्यातलंच असेल.

या फ्रीजच्या दारातल्या वरच्या कप्प्यात आकाशचं इन्सुलिन असायचं. आकाश हा तात्यांचा थोरला, वय एकवीस, भोरला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला. सोळाव्या वर्षी त्याला मधुमेह झाला, तोही गोळ्यांनी न भागणारा. दिवसातून चार वेळा पोटात सुई टोचायची, नाहीतर जिवाशी गाठ. ही गोष्ट घरात माहीत होती आणि भोरच्या दवाखान्यात माहीत होती. गावाला मात्र तात्यांनी पाच वर्षं तिचा वासही लागू दिला नव्हता; फ्रीजमधलं औषध ते गुरांचं म्हणून सांगत. "दुकानात टोचत जाऊ नगं, बोभाटा व्हईल," असा त्यांचा हुकूम होता. त्यामुळे दुपारची सुई आकाश दुकानामागच्या संडासात उभ्यानं घ्यायचा, आणि तिथं गर्दी असली की चुकवायचा.

चैत्रात धाकट्या गायत्रीला बघायला भोंगवलीचे पाहुणे यायचं ठरलं आणि तात्यांना घाम फुटला. सोयरिकीच्या चौकस पाहुण्यांसमोर फ्रीज उघडायचा आणि दारातच सुया? छे! त्यांनी सगळं सामान एका पिशवीत कोंबलं आणि माळ्यावर, तापल्या पत्र्याखाली, बियाण्याच्या कणगीमागं नेऊन ठेवलं. रिकाम्या कप्प्यात सरबताच्या बाटल्या आल्या. काय ती अक्कल!

"तात्या, ते गार जागी ठिवायचं अस्तंय. वर पत्रा किती तापतोय!" आकाश म्हणाला.

"मेडिकलवाला काय बर्फात बसतो व्हय? चार दिसांत काय बिघडतंय? का बहिणीचं लगीन मोडायचंय तुला?"

बहिणीचं नाव निघालं, तसा आकाश माळ्यावर चढला आणि तिथंच सुई घेऊन आला.

रविवारी पाहुणे आले. मंगळवारी मुलाचे चुलते आले, गुरुवारी बायका आल्या. फ्रीज दिवसातून दहा वेळा उघडला, मिटला. औषध माळ्यावर भाजत राहिलं आणि आकाश तेच रोज इमानानं टोचून घेत राहिला. बुधवारपासून त्याची तहान भागेना. तो तांब्यामागून तांब्या पाणी प्यायचा आणि सारखा लघवीला पळायचा. त्यानं बोटातून थेंब काढून साखर तपासली, तर आकडा चारशेच्या वर!

तात्यांनी तो आकडा पाहिला, मग पाहुण्यांनी आणलेला फ्रीजमधला पेढ्यांचा पुडा उघडून पाहिला. पुडा अर्धा झाला होता.

"चोरून पेढं खातोस आन् वर आजाराचं नाटक!"

"म्या न्हाई खाल्लं, तात्या."

"मग काय फ्रीजनं खाल्लं?"

पेढे कुणी खाल्ले ते सांगून टाकतो. येता-जाता एकेक तोंडात टाकणारे खुद्द तात्याच होते. पण घरात आजारी पोरगं असलं की बाकीच्यांचं सगळं पचून जातं आणि हिशेब मात्र त्याच्याकडून मागितला जातो.

शुक्रवारी सकाळी आकाशला उलट्या सुरू झाल्या. श्वास खोल आणि जोरात चालला, उभं राहवेना. "पित्त झालंय, लिंबू द्या," असं तात्या म्हणाले. गायत्रीनं लिंबाचा नादच केला नाही. तिनं शेजारचा टेम्पो बोलावला, माळ्यावरची पिशवी घेतली आणि भावाला घेऊन भोर गाठलं. तात्या मागं बसून वाटभर एकच घोकत होते, पाहुण्यांना कळायला नको.

डॉक्टरांनी धावपळ करून सलाईन लावलं. "आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं," असं ते स्पष्टच म्हणाले. नूरजहाँ सिस्टरनी पिशवी हातात घेतली. पाच वर्षांपूर्वी आकाशला सुई घ्यायला त्यांनीच शिकवलं होतं.

"तात्या, ह्ये कुठं ठेवलं हुतं?"

"फ्रीजमदी," तात्या म्हणाले. पोरगं समोर निपचित पडलेलं, तरी खोटंच!

"माळ्यावर, पत्र्याखाली," गायत्री म्हणाली. "तात्यांनीच ठिवलंय. आन् साखर वाढली तवा ह्यालाच म्हनले, पेढं चोरून खातोस."

सिस्टरनी पिशवीतलं औषध उजेडात धरून पाहिलं. मग म्हणाल्या, "तापून औषध मेलंय, तात्या. पाच दिस ह्यो पोरगा निस्तं पाणी टोचून घेत हुता. आन् तुमी त्याला काय म्हनलात? पेढं चोरलं?"

"पोरीचं लगीन हाय, सिस्टर. भाऊ असा आजारी म्हनल्यावर कोन करंल?"

"लगीन व्हईल न्हाईतर न्हाई व्हनार. पर आज ह्यो गेला असता, तर त्या मांडवात भाऊ म्हनून कुनाला हुबं केलं असतं? त्यानं चोरी केलीय का कुनाचं घर जाळलंय? पाच वर्सं एकटा झुंजतोय! एकदा तरी त्याच्याजवळ बसलात, सुई घेताना?"

 सिस्टरनी तपासायला आकाशचा सदरा वर केला, तेव्हा पोटावरच्या सुयांच्या खुणा तात्यांना पाच वर्षांत पहिल्यांदा दिसल्या. ठिपक्यांनी पोट भरून गेलं होतं. पोटचा पोर, आणि पोट कधी पाहिलं नव्हतं!

दुपारी आकाशनं डोळे उघडले. त्याचा पहिला शब्द होता, "तात्या, पाव्हन्यांना कळलं न्हाई ना?"

तात्या हुंदका देऊन रडले. मग डोळे पुसून दवाखान्याच्या दारात गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी भोंगवलीला फोन लावला. "माज्या पोराला डायबेटीस हाय. पाच वर्सं सुई घेतोय. तुमच्यापासनं लपवलं, ती चूक माजी, त्याची न्हाई."

चौथ्या दिवशी नकार आला. गायत्री भाकरी थापत म्हणाली, "ज्या घराला माज्या भावाची सुई सोसत न्हाई, तितं जाऊन म्या काय करू?" पूर्वीचे तात्या असते तर घर डोक्यावर घेतलं असतं. या वेळी ते उठले आणि सरबताच्या बाटल्या काढून त्यांनी कप्पा पुसला.

ज्येष्ठात दुसरे पाहुणे आले. तात्यांनी थंड पाण्यासाठी फ्रीज उघडला. पाहुण्यांमधल्या म्हाताऱ्या फुलाबाईंनी फ्रीजच्या दाराकडे बोट केलं, "ह्ये काय म्हनायचं?"

"माज्या पोराचं औषध," तात्या म्हणाले. "आकाश, येळ झाली न्हवं? आत नगं जाऊ, हितंच बस."

आकाश खुर्चीत बसला. त्यानं सर्वांसमोर सुई घेतली आणि तात्या त्याच्याशेजारी बसून राहिले. आभाळ कोसळलं नाही. फुलाबाईंनी फक्त विचारलं, "दुखतंय का रं, बाळा?" पाच वर्षांत हा प्रश्न त्याला घरातल्या कुणीही विचारला नव्हता!

नागरिकहो, आजारी पोराच्या घासावर पाळत ठेवायला काही अक्कल लागत नाही. त्याच्या औषधाला घरात उजळ जागा द्या आणि सुईच्या वेळी त्याच्याजवळ बसा. एवढंही होत नसेल, तर फ्रीजवरची प्लास्टिकची फुलं तेवढी पुसत बसा!