नवव्या बाई

शिकाऊ बाईंचा सातवीवर पहिलाच पाठ होता. टाचणात प्रत्येक प्रश्नापुढे मुलांनी द्यायचं उत्तरसुद्धा त्यांनी लिहून ठेवलं होतं. मागच्या बाकावर परीक्षक वही उघडून बसले आणि बाईंची दातखीळच बसली.

पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आधी प्रश्न विचारायचे, मग फळ्यावर पाठाचं नाव. यंदा हाच पाठ घेणाऱ्या तुम्ही नवव्या. सगळ्या इथंच अडकतात."

बाईंनी निमूटपणे प्रश्न विचारला. चाळीस हात वर गेले. उत्तर टाचणातलंच आलं, अगदी शब्दशः. शाबासकी कधी द्यायची, तेही मुलगी डोळ्यांनी सांगत गेली.

तास संपल्यावर परीक्षकांनी शेरा दिला, "वर्गावर पकड उत्तम."

कोणाची, ते विचारण्याइतक्या बाई आता शिकाऊ राहिल्या नव्हत्या.