गळाबंद कोट

एसटी परभणीला पोचेपर्यंत चन्नबसप्पाचं अंग आंबून गेलं होतं. पालममधलं किराणा दुकान शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून तो लेकीला घेऊन आला होता. भागम्मा, घरातली भागू, दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती. अकरावी सायन्सला नावही लागलं होतं. गट कोणता घ्यायचा, ते मात्र आजच सांगायचं होतं. एकदा सांगितलं की बदल नाही.

भागूला डॉक्टर व्हायचं होतं. आणि तिच्या आईनं, मल्लम्मानं, निघताना उंबऱ्यातच बजावलं होतं, "गणित घेऊन द्या पोरीला. इंजिनेर होऊ द्या, न्हाईतर काई बी होऊ द्या. पन बेडूक कापायचा न्हाई. गळ्यात लिंग हाय तिच्या."

भागू पिशवी घेऊन बाहेरच उभी होती. तिनं ऐकलं होतं.

कॉलेजच्या व्हरांड्यात भुजंग सर टेबल टाकून बसले होते. सकाळपासून तेच तेच सांगून त्यांचा घसा बसला होता.

"गणित घेतलं तर इंजिनिअरिंग. जीवशास्त्र घेतलं तर मेडिकल. ठरत नसेल तर दोन्ही घ्या, दोन्ही दारं उघडी राहतात."

चन्नबसप्पाला हायसं वाटलं. बायकोचंही राहील, लेकीचंही राहील, आणि आपल्याला घरी जाऊन आडवं होता येईल.

"दोनी लिव्हा, सर."

"आप्पा," भागू म्हणाली, "दोनीत बेडूक हायच की."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"आन सगळा येळ गणितातच गेला तर बाकीचे मार्क बुडत्यात. डॉक्टरकीला मार्कच बघत्यात. मला निस्तं जीवशास्त्र पायजे."

"तुझ्या मायला काय सांगू मी?"

"दुकानात उंदराचं औषध इकता, तवा काय सांगता?"

"ते गिऱ्हाईक मारतंय. आपून न्हाई."

सर खोकल्याचं निमित्त करून दुसरीकडे बघायला लागले. मागं रांगेत कुणीतरी म्हणालं, "मामा, आटपा की! आमची बस जायलीय."

चन्नबसप्पानं शर्टावरून छातीशी हात नेला. गळ्यातली चांदीची डबी हाताला लागली. तिच्यातल्या लिंगाची पूजा केल्याशिवाय त्याच्या घरात कुणी घास तोंडात घालत नव्हतं. भागूही नाही. तापानं फणफणली होती तेव्हासुद्धा नाही. ही पोर काही विसरणारी नव्हती. विसरत नव्हती म्हणूनच तर भांडत होती.

तो टेबलावर वाकला आणि हळूच म्हणाला, "सर, कापताना वाकावं लागत असंल. गळ्यातलं खाली लोंबून त्या बेडकाला लागलं तर?"

सर हसले नाहीत. म्हणाले, "वरून पांढरा कोट घालायचा असतो. बटणं लावली की आतलं आतच राहतं. प्रॅक्टिकल झालं की हातपाय धुवायचे, हवं तर अंघोळ करायची. बेडूकही आधी बेशुद्ध केलेला असतो."

"बरं," चन्नबसप्पा म्हणाला. मागची रांग पुन्हा कुरकुरायला लागली.

"जीवशास्त्र लिव्हा."

भागूनं मान खाली घातली. ती हसायलीय की रडायलीय, ते बघायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

बसला अवकाश होता. स्टँडजवळच्या शिंप्याकडं त्यानं लेकीला पांढऱ्या कोटाचं माप द्यायला लावलं.

"डॉक्टरीन हाय का काय पोरगी?" शिंप्यानं टेप गळ्यात टाकत विचारलं.

"आजून न्हाई."

"मंग गळा कसा ठिवू? कोटाला मोठाच असतो."

"बंद ठिवा," चन्नबसप्पा म्हणाला आणि बाकड्यावर टेकला. "पार वरपस्तोर बटनं लावा. तिची माय बघनार हाय."