वाट बघणाऱ्यांचे ढीग

मी एक जुनी कोळशाची इस्त्री आहे. हसू नका, मित्रांनो! पितळी अंग, लोखंडी तळ, लाकडी मूठ आणि पोटात निखारे, हा थाट आजकालच्या वायरवालींना सात जन्मांत जमायचा नाही. ओतकाम करणाऱ्या कारागिरानं मला साच्यातून काढलं तेव्हाच तो म्हणाला होता, "जड आहे, पण सरळ चालेल." धुलाईचं दुकान चालवणाऱ्या आत्याच्या हातात मी वर्षानुवर्षं सरळच चालले. वकिलांचे डगले, नवरदेवांचे कोट, कुणाची चुणी म्हणून ठेवली नाही. मग विजेची इस्त्री आली आणि मला फळीवर चढवलं. वाचता मला येत नाही. कपड्यांवरच्या शाईच्या खुणा तेवढ्या ओळखते.

फळीवरून मला उतरवलं ते आत्याच्या भाचीनं. पंख्यानं तिचे कागद उडायचे, म्हणून मी त्यांच्यावर बसायचं आणि ती मोठ्यानं वाचेल ते ऐकायचं. तिची आई दूरच्या शहरात दवाखान्यात कामाला. पोर लहानपणापासून आत्याकडे. आईच्या शहरातल्या कॉलेजात जागा हवी, तर एक निबंध पाठवायचा होता. पुस्तकं तीन, विषय एकच: वाट बघणं. एकात खलाशाची बायको, दुसऱ्यात म्हातारा बाप, तिसऱ्यात वसतिगृहातली मुलगी.

शाळेतल्या बाईंनी निबंध परत केला.

"म्हणतात, तीन पुस्तकांची तीन गाठोडी बांधलीस, तुलना कुठाय?" भाचीनं कागद टेबलावर आपटले. "उद्या शेवटचा दिवस गं, आत्या!"

"मग सोड की गाठोडी," कॉलर दाबत आत्या म्हणाली. "कपडे येतात घरागणिक. धुतो का आपण तसे? पांढरे एकीकडे, रंग जाणारे एकीकडे. कुणाचं काय, ते खूण सांगते."

भाचीनं कात्री घेतली. परिच्छेद कापले, प्रत्येकावर पुस्तकाची खूण केली आणि नवे ढीग लावले. चारचौघांत 'येईलच' म्हणणं, हा एक. गेलेल्यावरचा राग, हा दुसरा. तिथं ती अडली.

"रागाच्या ढिगात बापाचं काहीच नाही."

"मग नाही म्हणून लिही. एखाद्या घरून पांढरं आलंच नाही, तर तेही सांगावं लागतं. नाहीतर आपणच हरवलं म्हणतील."

"पण तो चिडत का नसेल?"

आत्यानं बाही उलटवली. "चिडलं तर पोरगं यायचंच नाही, ही धास्ती असेल."

भाची तिच्याकडे बघत राहिली. मग खाली मान घालून भराभरा लिहीत सुटली.

तिला जागा मिळाली. निघताना तिनं पुस्तकं घेतली, उशी घेतली, आरसासुद्धा घेतला. आत्याच्या गळ्यात पडली, माझ्या मुठीवरून हात फिरवला आणि गेली. आता टेबलावर कागद नाहीत. माझ्या तळाला गंज धरतोय आणि आत्या पंखा लावत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलाचं बोट लावा. आणि घर सोडाल तेव्हा मागे राहणारीला एकदा तरी विचारा, "येतेस का?" आम्ही नाहीच म्हणू, तेवढा तोरा आहे आमचा. पण विचारा.