चांगुणाच्या हातचं पाणी

नगरच्या दवाखान्यातून चांगुणा गेल्याचा फोन आला, त्या दुपारी माझ्यातलं पाणी ताजं होतं. तिनेच सकाळी भरलं होतं. माझ्यात गुलछडीच्या दांड्या लावताना तिच्या छातीत कळ आली. शेजारीण शमशादच्या टेम्पोत बसून ती गेली, ती परत आलीच नाही.

मित्रांनो, मी चिनी मातीची एक जुनी बरणी आहे. खाली पांढरी, गळ्याशी तपकिरी. चांगुणाचा नवरा सहादेव घोडेगावच्या बाजारात गाय बघायला आला होता. गाय काही जमली नाही. रिकाम्या हाताने घरी कसं जायचं, म्हणून त्याने मला काखोटीला मारलं. पुढे बरीच वर्षं मी कैरीचं लोणचं सांभाळलं. पाहुणे बोटं चाटत लोणच्याचं कौतुक करायचे. बरणीचं कुणीच केलं नाही. मग एकदा माझं झाकण फुटलं आणि मला न्हाणीमागे टाकून दिलं. माझ्यात पालापाचोळा साठला. एक सरडाही राहून गेला.

चांगुणाने मला तिथून उचललं. त्यांच्या वावरात गुलछडी होती. सरळ दांड्यांच्या जुड्या बांधून शिर्डीला जायच्या, वाकड्या घरी राहायच्या. "वाकडीला काय वास नसतो व्हय?" असं म्हणत ती त्या माझ्यात ठेवायची. रोज सकाळी शिळं पाणी ओतून, आत हात घालून मला घासायची. बुळबुळ म्हणून राहू द्यायची नाही. दांड्यांची टोकं विळीवर तिरपी कापायची, पाण्यात बुडणारी पानं काढून टाकायची, सुकलेली फुलं खुडायची. गुलछडी खालून वर उमलत जाते. एवढी निगा राखली, की शेंड्याच्या कळीपर्यंत पाणी चढतं.

सहादेव ओट्यावरून ओरडायचा, "चहा आण की! का त्या बरणीशी लगीन लावलंय?"

"बरणी बरी," ती आतून म्हणायची. "तुमच्यावानी घोरत तरी न्हाई."

आता माझी काय दशा केली आहे ती ऐका. भेटायला आलेल्यांपैकी एकाने माझ्यात जळकी उदबत्ती खोचली. दुसऱ्याने मला उचलून खिडकीतल्या उन्हात ठेवलं. ते परके होते, त्यांचं सोडा. पण मुलगी रुपाली पाणी बदलायला आली, तर सहादेव तिच्यावर खेकसला, "हात लावायचा न्हाई! तिच्या हातचं पाणी हाय ते."

तिच्या हातचं! अरे, तिच्या हातांनी हे पाणी दुसऱ्याच दिवशी मोरीत ओतलं असतं. आता ते गढूळ झालं आहे, दांड्या खालून कुजल्या आहेत, मला स्वतःचीच शिसारी येते. आणि याला माया म्हणायचं? जिने एक पान पाण्यात सडू दिलं नाही, तिच्या नावाने तू अख्खी बरणी सडवतोस?

आज शमशाद भाकरी घेऊन आली. दारातच तिने नाकाला पदर लावला.

"सहादेवभाऊ, वास सुटलाय."

"सुटू दे."

"चांगुणा असती तर आधी तुमाला बाहेर काढलं असतं, मग बरणीला."

सहादेवला हसू फुटलं. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं आणि त्याने ते उपरण्यात लपवलं.

"शेंड्याला कळ्या हायेत अजून," शमशाद हळूच म्हणाली. "त्या बी तिनंच लावल्यात ना? पाण्याला जपता आन् त्यांना मारता व्हय?"

ती भाकरी ठेवून निघून गेली. सहादेव उठला. त्याने विळी काढली, मला उचललं आणि मोरीपाशी आणून ठेवलं.

मित्रांनो, गेलेल्या माणसाच्या हातचं पाणी साठवू नका. त्याच्या हातचं काम उचला. फुलांना रोज नवं पाणी लागतं, मग घरात कुणीही मेलेलं असो.

सहादेवचा हात माझ्या गळ्यावर आहे. विळी शेजारी पडली आहे. शेंड्याच्या कळ्या अजून हिरव्या आहेत. पाणी ओतायचं राहिलं आहे.